पुलावरून टाकलेली पिशवी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला समुद्राबद्दल बोलायला सांगितलंय. समुद्रात जाणारा कचरा आणि प्लॅस्टिक. विषयाचं पत्र घरी आलं तेव्हा आमच्या हिनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "खानापूरच्या माणसाला समुद्राचं विचारलंय? कारवारच्या कुणाला तरी बोलवायचं की." मी म्हटलं, अगं, या विषयावर बोलायचा माझा हक्क काय आहे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यावर ती काही न बोलता आत गेली. का गेली, ते पुढं येईलच.

मी इथं, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. भूगोलाच्या तासाला दरवर्षी पहिला प्रश्न ठरलेला असायचा. आपल्या तालुक्याला समुद्र किती? पोरं हसायची. एक पण नाही, गुरुजी! मग मी खडू घेऊन वर्गाच्या फरशीवर नकाशा काढायचो. हे कणकुंबी. इथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते. खानापुरातून पुढं, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात, तिथून कूडलसंगमला कृष्णेच्या पोटात. आणि कृष्णा थेट आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. आता हे भीमगडचं रान. याच तालुक्यातलं. इथून म्हादई निघते ती पश्चिमेला तोंड करून. सत्तरीतून गोव्यात उतरते, मांडवी हे नाव घेते आणि पणजीला अरबी समुद्रात जाते. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. पुन्हा सांगतो, तालुका एक, समुद्र दोन. मुंबईलासुद्धा एकच आहे.

आता पोरांच्या हातात मोबाइलचा नकाशा असतो. त्यात निळा ठिपका आपण कुठं आहोत ते दाखवतो, खरं नदी कुठल्या दिशेला वाहते ते विचारा, पोरगं फोन उलटासुलटा फिरवत बसतं. असो. तो आजचा विषय नव्हे.

या म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्यं किती वर्षं भांडली ते तुम्हाला सांगायला नको. लवादानं २०१८च्या ऑगस्टमध्ये निकाल दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. पाण्याचा थेंबन् थेंब वाटून झाला. त्याच पाण्यातून जो कचरा वाहतो, त्यावर मात्र कुणी हक्क सांगायला आलेलं नाही.

तर आता ती गोष्ट.

२०१७चा दसरा. आमच्या घरी घट बसतात. नवमी झाली, घट उठले, आणि त्याच दिवसात घराची झाडलोटही चाललेली. तुमच्याकडंही तसंच असणार. माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली. तिच्यात घराचं खरेदीपत्र, वडिलांच्या नावचे जमिनीचे जुने उतारे, माझी पेन्शनची ऑर्डर आणि आमच्या धाकट्याचं एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्स कार्ड. ट्रंकेला गंज लागला होता, म्हणून हिनं ते सगळे कागद एका पिशवीत घातले, वरून दुसरी पिशवी चढवली आणि तोंडाला दोन गाठी मारल्या. आमच्या हिची गाठ म्हणजे दातानंसुद्धा सुटत नाही. आणि दुसऱ्या एका पिशवीत घटाची माती, सुकलेल्या माळा, पत्रावळ, जुनी फुलं. निर्माल्य.

पिशव्या एकाच दुकानाच्या. दसऱ्याची लुगडी तिथूनच घेतलेली. जाड पांढरी पिशवी, त्यावर लाल अक्षरं. एक पिशवी खुंटीला, एक कट्ट्यावर. मी सकाळी मोटरसायकल काढली, कट्ट्यावरची पिशवी उचलली, हँडलला अडकवली आणि मलप्रभेच्या पुलावर गेलो. गाडी बंदसुद्धा केली नाही. एक पाय खाली टेकवला, उजव्या हातानं पिशवी कपाळाला लावली आणि दिली टाकून. गंगार्पणमस्तु. पिशवी खाली पडली, एक गिरकी घेतली आणि पाटावर बसल्यासारखी ऐटीत निघाली. मला बघून बरं वाटलं. पाणी चांगलं होतं त्या वर्षी.

घरी आलो. चहा पुढ्यात आला. मी आपलं सहज म्हटलं, "पिशवी काय झोकात गेली बघ, तरंगत तरंगत."

ही थांबली. "तरंगत?"

"होय की."

"अवो, पायलीभर माती आहे आत. माती तरंगली कशी?"

श्रोतेहो, त्या क्षणी आम्ही दोघांनी एकाच वेळी खुंटीकडं बघितलं. मी उठलो, खुंटीवरची पिशवी काढली. ती जड लागली.

चहा तसाच राहिला. भाच्याला बोलावलं, त्याची गाडी घेतली आणि नदीच्या काठाकाठानं खाली निघालो. पहिलं वळण लागलं. तिथं वाळुंजीच्या झुडपात पांढरी पिशवी! मी चिखलात उतरलो, चप्पल तिथंच रुतून राहिली, पिशवी ओढली, फाडली. आत कुणाच्या तरी गौरीचं निर्माल्य आणि फुटक्या काचेची देवाची तसबीर. पुढं दुसरी. तिच्यात बाळाचे लंगोट, ते वापरून टाकायचे. तिसरीत औषधाची रिकामी पाकिटं. चौथीत सलूनमधले केस. एका पिशवीत लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या, उष्ट्यासकट. शेताजवळ आलो तशा औषध फवारायच्या बाटल्या लागल्या. एकीत तर अख्खा नारळ निघाला. भाचा म्हणाला, "मामा, हा घेऊया काय?" मी नुसतं बघितलं त्याच्याकडं.

पहिल्या दिवशी आम्ही ४१ पिशव्या उघडल्या. मास्तरकीची सवय, मी मोजत होतो. खरं सांगतो, दुसऱ्याच्या घरातला कचरा उघडायला सुरुवातीला लाज वाटते, दहाबारा पिशव्या झाल्या की माणूस वाचायलाच लागतो. एका पिशवीत लग्नपत्रिका होती, हळदकुंकू लावलेली. वाचली तर आमच्याच भावकीतली! आम्हाला आमंत्रण नव्हतं. ते आम्हाला नदीनं कळवलं.

आणखी एक. आपल्याकडं दुकानाची पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून किती डोकी फुटली ते मी इथं उगाळत नाही. खरं त्या झुडपात मराठी नावाच्या पिशव्या होत्या, कन्नड नावाच्या होत्या, इंग्रजी तर होत्याच. बेळगावच्या, हुबळीच्या, एक म्हापशाची. सगळ्या एकमेकींत अशा गुंतलेल्या, की एक ओढली तर चार यायच्या.

दुसरा दिवस तसाच गेला. हिनं देव पाण्यात घातले होते. माझे कागद आधीच पाण्यात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या एका बंधाऱ्यावर पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवलेले असतात, पाणी मोऱ्यांतून जातं. आता बरगे घालायचे दिवस जवळ आलेले, म्हणून एक म्हातारा माणूस लांब बांबूची आकडी घेऊन मोऱ्या साफ करत होता. दोन खांबांच्या मध्ये केंदाळ, काटक्या, बाटल्या आणि पिशव्यांचा असा थर, की वर बगळा उभा होता. मी काकांना हकिगत सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. ते काही बोलले नाहीत. भिंतीच्या आडोशाला गेले आणि एक पिशवी घेऊन आले. पांढरी, लाल अक्षरं, दोन गाठी.

"इतकी घट्ट बांधलेली," ते म्हणाले, "वाटलं पैसे आहेत. सोडायला गेलो, सुटली नाही."

सुटणार कशी? शेवटी विळ्यानं कापली. आतले कागद कोरडे होते. तीन दिवस, दोन रात्री मलप्रभेत राहून कोरडे! एका उताऱ्याचा कोपरा तेवढा दमट. मी तिथंच दगडावर बसलो. काकांनी मार्क्स कार्ड उचललं, लांब धरून वाचलं आणि विचारलं, "गणितात ३८? गुरुजींचा मुलगा?"

मी त्यांना पैसे देऊ लागलो, त्यांनी घेतले नाहीत. तंबाखू घेतली. आणि परत आकडी उचलली. आता नीट ऐका, कारण मी ही सगळी गोष्ट सांगतोय ती याच्यासाठी. त्यांनी आकडीनं त्या थरातला एक मोठा गठ्ठा उचलला, बंधाऱ्याच्या कठड्यावरून अलगद फिरवला आणि पलीकडच्या बाजूला पाण्यात सोडला. तो सुटला आणि निघाला खाली. मग दुसरा. मग तिसरा.

माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "काका, हे काय?"

"मुंदक्क बिडोद्री," ते म्हणाले. पुढं सोडायचं.

"अहो, पुढं म्हणजे कुठं?"

"पुढच्या बंधाऱ्यावर. तिथला माणूस त्याच्या पुढं सोडतो." आणि मग आकडी टेकवून त्यांनी मलाच विचारलं, "काठावर ठेवलं तर शेतवाला भांडतो. पुढच्या पुरात परत इथंच येतं. गाडी इथवर येत नाही. मी कुठं ठेवू, सांगा. आणि सर, ही पिशवी वरून टाकली कुणी?"

श्रोतेहो, ३४ वर्षांत मला निरुत्तर करणारा विद्यार्थी भेटला नव्हता.

तर, पुढं सोडायचं. मलप्रभेवरून कृष्णेत, कृष्णेवरून खाली. मध्ये धरणं आहेत. बरंचसं तिथं तळाशी बसतं, काठाला लागतं, गाळात रुततं. जे सुटतं ते समुद्रात. आणि समुद्राला आकडी घेऊन पुढं सोडायला जागा नाही.

तिकडं काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण माझी वेळ मी गोष्टीतच खाल्ली. ऊन, मीठ आणि लाटा यांनी प्लॅस्टिक कुजत नाही, ते कडक होतं आणि फुटतं. पिशवीचे तुकडे, तुकड्यांचे कण. पाच मिलिमीटरच्या आतल्या कणाला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात, हे आता पोरांच्या पुस्तकातसुद्धा आहे. मासा ते खाद्य म्हणून गिळतो. कासवाला पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिशसारखी दिसते, ते तिच्यावर तोंड टाकतं. पुन्हा सांगतो, प्लॅस्टिक कुजत नाही, बारीक होतं. माझे कागद तीन दिवसांत भिजले नाहीत त्याचं मला कौतुक वाटलं होतं. तीन वर्षांत, तेरा वर्षांतही ती पिशवी तशीच राहिली असती किंवा तिची भुकटी झाली असती.

प्रशांत महासागरात, हवाई बेटं आणि कॅलिफोर्निया यांच्या मध्ये, प्रवाहांच्या भोवऱ्यात असा कचरा गोळा झालाय. चार्ल्स मूर नावाचा खलाशी १९९७ साली तिथून बोट घेऊन जाताना त्याला तो दिसला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याचं क्षेत्र मांडलं १६ लाख चौरस किलोमीटर. आपलं कर्नाटक राज्य आठ वेळा त्यात मावेल. वजन सुमारे ७९ हजार टन. लोकांना वाटतं ते बेट आहे, वर उभं राहता येईल. तसं नाही, ती पातळ आमटी आहे. फोडी कमी, पाणी जास्त, आणि म्हणूनच गाळून काढणं कठीण. त्यातलं जवळजवळ निम्मं वजन मासेमारीच्या जाळ्यांचं. म्हणजे सगळं पाप पिशवीचंच नव्हे, कोळ्यांच्या बाजूनंही भर आहे. तुटलेलं जाळं पाण्यात सोडलं तरी ते मासे धरतच राहतं. धरणारा कोणी नाही, खाणारा कोणी नाही, जाळं आपलं काम करतंय.

एक हिशेब मला फार लागला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांगितलंय की २०१० या एका वर्षात जगभरातून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेलं. आकडा मोठा आहे, तो तुम्ही कुठंतरी ऐकलाही असेल. खरं तो काढला कसा? समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माणसांचा कचरा धरून. खानापूर किनाऱ्यापासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे त्या हिशेबात मी नाही, तुम्ही नाही. चिकोडी, निपाणी, अथणी, गोकाक, कुणीच नाही. आमची ही पुलावरून गेलेली पिशवी त्या कोटींतसुद्धा धरलेली नाही.

बोटीवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकायला १९८८च्या अखेरपासून आंतरराष्ट्रीय करारानं बंदी आहे. मोठ्या जहाजाच्या कप्तानाला नोंदवही ठेवावी लागते, कचरा कुठं दिला ते लिहावं लागतं. पुलावर मोटरसायकल थांबवणाऱ्याला कोण वही विचारतो? कायदे आपल्याकडंही झाले. कर्नाटकानं २०१६ सालीच बंदी घातली. देशभर १ जुलै २०२२पासून स्ट्रॉ, थर्माकोलच्या ताटल्या, कप, चमचे बंद. डिसेंबर २०२२अखेर पिशवीची जाडी १२० मायक्रॉनच्या खाली नको असा नियम आला; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आठवड्याच्या बाजारात जाऊन बघा. भाजीवाली मावशी काळी पातळ पिशवी पाटीच्या खाली ठेवते, साहेब गेला की वर काढते. तिला मी दोष देत नाही. गिऱ्हाईक हात हलवत येतं, मग ती भेंडी काय पदरात बांधून देणार?

आणि चहा! हे मला बोलायचंच आहे, विषयात बसो न बसो. गरम चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून, वर दोरा गुंडाळून पार्सल नेतात. उकळता चहा, आणि ती फुग्यासारखी पिशवी. आमच्या वेळी हॉटेलात किटली घेऊन जायचो, पोऱ्या मापानं ओतायचा आणि किटली घरी येईतो झाकणातून वास यायचा. आता आरोग्याच्या गोळ्या खाणारी माणसं ती पिशवी दातानं फोडतात. कुणाला बोलायला गेलं की म्हणतात, गुरुजी जुन्या वळणाचे. असेन.

बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचं वेगळं सांगत नाही. शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात ज्यांचं बासमतीचं भात दर पावसाळ्यात त्या तुंबलेल्या नाल्याखाली जातं, त्यांनी ते रेडिओवरून ऐकायची गरज नाही. समुद्रात काय होतंय ते त्यांना आधी कळलंय, बांधावर उभं राहून.

आमच्या घरी त्या दसऱ्यापासून घटाची माती परड्यातल्या जास्वंदीला जाते. माळा, फुलं, पत्रावळ तिथंच खड्ड्यात. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, नदीत सोडायला पाहिजे म्हणाल्या. आमच्या हिनं त्यांना एकच सांगितलं, "आमच्या ह्यांनी सोडलं होतं एकदा नदीत." पुढचं सगळं सांगायला तिला अर्धा तास लागला. गल्लीतल्या पाच घरांत ती गोष्ट पोचली, आणि मागच्या दसऱ्याला पाचांपैकी तीन घरांचं निर्माल्य आमच्या जास्वंदीला आलं. उरलेली दोन घरं अजून पुलावर जातात. मी बघतो, बोलत नाही. खरं काकांचा प्रश्न तोंडावर येतो.

बंधाऱ्यावर मी परत एकदा गेलो होतो, तंबाखूची पुडी घेऊन. काका रिटायर झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण पोरगा होता, कानात वायरी घालून, हातात तीच आकडी.

ती पिशवीही आहे अजून. वरची, विळ्यानं कापलेली नव्हे, आतली. हिनं ती धुऊन, वाळवून, कडेला शिवण घालून घेतली. बाजारच्या दिवशी मी तीच घेऊन जातो. लाल अक्षरं अजून वाचता येतात, फक्त खालचा फोन नंबर पुसट झालाय. तो लावून उपयोगही नाही. लॉकडाऊनमध्ये ते दुकान बंद पडलं. पिशवी चालू आहे.

नमस्कार.